त्या रात्री लाइट गेली नव्हती

पत्र मोठं आहे, त्यामुळे थोडक्यात देते. गावाचं आणि मालिकेचं नाव मुद्दाम गाळलंय.

‘ताई, मी निवृत्त पोस्टमन, वय ६६. मंडळी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीय, त्याला तीन महिने झाले. जाताना बजावून गेली, साडेसातची मालिका बघायची आणि रात्री मला फोनवर सांगायची. आयुष्यभर मी मालिकांना नावं ठेवली. आता एक भाग चुकला तर घास उतरत नाही. त्यातली सासू दिसली की डोकं फिरतं. मागच्या आठवड्यात तिनं गरोदर सुनेच्या पुढ्यातलं भरलं ताट उचललं. रात्रभर झोप नाही. आमच्या हिच्या पुढ्यातलंही आईनं एकदा असंच उचललं होतं, ते जाऊ दे. मी फेसबुकवर त्या नटीच्या फोटोखाली नको ते लिहिलं. मुलानं वाचलं. म्हणाला, बाबा, लाज वाटते तुमची. त्या दिवशीचा भाग मी मंडळीला सांगितला नाही, लाइट गेली होती म्हणालो. मला वेड लागतंय का? टीव्ही काढूनच टाकू का?’

भाऊ, नमस्कार.

वेडबिड काही नाही. असलंच तर त्या वेडात मीही तुमच्या शेजारी बसलेय. ‘आई कुठे काय करते’ पाच वर्षं चालली, आणि त्या पाच वर्षांत अनिरुद्धला मी पोळ्या लाटता लाटता किती वेळा ‘मेल्या’ म्हटलं असेल, त्याचा हिशोब आमचे हे ठेवून आहेत. २००० साली सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीर मेला, तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गिल्ला केला की मेलेला माणूस चॅनेलला परत आणावा लागला. १९५६ साली अमेरिकेतल्या हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी यावर लिहून ठेवलंय: पडद्यावरचा माणूस रोज घरात येतो, आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, हळूहळू तो ओळखीचा होतो, पण त्याला मात्र आपण कोण हे ठाऊक नसतं. आमच्या आळीतल्या आजी बातम्या संपल्यावर निवेदिकेला ‘बरं बाई, ये आता’ म्हणायच्या, ते हेच.

आणि राग येतो तो आपोआप नाही हो. तो आणतात. अर्ध्या तासात गोष्ट जेमतेम २०-२२ मिनिटांची, बाकी जाहिराती. त्यात ताट उचललं की एकदा सासूचा चेहरा, एकदा सुनेचा, एकदा दारात उभ्या जावेचा, आणि मागे ढाण ढाण. मग ताट पुन्हा उचललेलं दाखवायचं. सासूचं पाप उघडकीला येणार असं वाटतं, तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो आणि ‘पुढील भागात’. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. सासू सुधारली तर गोष्ट संपली, आणि आकडे चांगले असताना गोष्ट कोण संपवतो? तुम्हाला न्यायाची घाई आहे, त्यांना अजिबात नाही. एवढं ध्यानात ठेवून बघा, निम्मा रक्तदाब खाली येईल. टीव्ही काढायची गरज नाही.

पण फेसबुकचं म्हणाल, तर मी मुलाच्या बाजूनं आहे. तुम्ही पत्रासोबत त्या फोटोची छापील प्रत जोडलीत, ते बरं केलंत. त्यात ती बाई मालिकेतल्या भरजरी साडीत नाही. साध्या सुती ड्रेसमध्ये कुणा म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसलीय, बहुतेक आईच असेल, आणि दोघींच्या मांडीवर मिळून एक मांजर आहे. त्याखाली तुमचं ते वाक्य. भाऊ, ते ताट तिनं उचललेलं नाही. लेखकानं लिहिलं, दिग्दर्शकानं सांगितलं, आणि एखाद्या बंगल्यात दिवसभर दिव्यांच्या उकाड्यात उभं राहून तिनं ते केलं. इतकं चोख केलं की सहासष्टाव्या वर्षी तुमची झोप उडाली. याला खरं तर शाबासकी द्यायची. आपल्या निळू फुल्यांचंच बघा ना. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला साधा माणूस. पण पडद्यावर त्यांचा पाटील इतका जिवंत व्हायचा की गावोगावच्या बायका त्यांना समोरासमोर शिव्या घालायच्या. फरक एवढाच, की ती शिवी तोंडातून निघाली आणि हवेत विरली. तुमची अजून तिथं लिहिलेली आहे, आणि उद्या तिची लेकबाळ वाचेल.

तेव्हा आज ते वाक्य काढा. मुलगा काढून देईल, त्या निमित्तानं त्याच्याशी बोलणंही होईल. त्याच जागी लिहा, ‘काम इतकं खरं वाटलं की भान राहिलं नाही, माफ करा.’ उत्तर येणार नाही. वाट बघू नका.

आता ‘ते जाऊ दे’बद्दल. पत्रातले हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही सासूबद्दल दीड पान लिहिलंय, तिच्या नथीचा आकारसुद्धा लिहिलाय. आणि स्वतःच्या घरातल्या ताटाबद्दल एक ओळ. ते ताट उचललं गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता, पाटावर होता की ड्यूटीवर, हे लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही. तुमची आई आज नसेल, असेल तर फार थकली असेल, तिच्याशी भांडून आता काही मिळायचं नाही. पण मंडळी आहे ना.

एक सांगू? पुण्यात लेकीच्या घरी मोबाइल असणारच. कानात बोंडं घालून बाळाला मांडीवर घेऊन ती मालिका कधीही बघू शकते. ताटाचा भाग तिनं बघितलाही असेल. तरी ती रोज रात्री तुम्हाला विचारते, ‘काय झालं आज?’ जन्मभर तुमच्या पाळीतून आणि गप्प बसण्यातून जो माणूस तिला मिळाला नाही, तो आता साडेनऊला फोनवर तिला गोष्ट सांगतोय. मी तिच्या जागी असते तर मोबाइल असूनही बघितलं नसतं.

आणि तुम्ही तिला नेमका तोच भाग सांगितला नाहीत.

तर आज फोन करा. आधी बाळाचं विचारा, शी-शू, झोप, सगळं. मग सांगा की त्या दिवशी लाइट गेली नव्हती. ताटाचा भाग सांगा, सावकाश, जाहिरातीसकट. सांगताना मालिकेतलं ताट कुठं संपलं आणि तुमच्या घरातलं कुठं सुरू झालं हे कळेनासं झालं तर होऊ द्या. ती रडेल, नाहीतर म्हणेल, ‘एवढ्या वर्षांनी आठवलं होय तुम्हाला?’ चिडेलही. चिडली तर मध्ये बोलू नका. फोनही ठेवू नका.

आणि ती परत आली की पहिल्या दिवशी तिचं ताट तुम्ही वाढा. भात तुम्हाला जमतो, असं तुम्हीच लिहिलंय.