झुरिकचा शरद: धुक्याच्या वर जायला शिका

नमस्कार.

सप्टेंबरअखेर तुम्ही पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह पुण्याहून झुरिकला राहायला येत आहात, आणि इथला शरद म्हणजे करड्या आकाशाखाली घरात बसून काढायचे दिवस, असे कोणीतरी सांगितल्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाहेर काय करता येईल, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा साताऱ्याचा असून ११ वर्षांपासून झुरिकच्या परिसरात राहतो. या देशात पायी हिंडायला शरदासारखा दुसरा ऋतू नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो अनुभवायचा तर शहर सोडून वर जावे लागते, आणि ही गोष्ट मला पहिल्या वर्षी कोणी सांगितली नव्हती.

झुरिक, बर्न, जिनिव्हा ही शहरे आल्प्स आणि ज्युरा या दोन पर्वतरांगांमधल्या सखल पट्ट्यात वसलेली आहेत. रात्री मोठ्या होऊ लागल्या की थंड, जड हवा या खोलगटात साठते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि मधला दमट थर ढग होऊन कधी कधी आठवडाभरही हलत नाही. याला इथे ‘होखनेबेल’, म्हणजे उंचावरचे धुके, म्हणतात. मी आलो तेव्हा सलग तीन रविवार ऊन पडण्याची वाट पाहत खिडकीशी बसून काढले. अखेर कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारले, “धुक्याची वरची सीमा आज किती आहे, ते पाहिलेत का?” मला प्रश्नच कळला नाही, तेव्हा पुढच्या रविवारी त्या मला झुरिकलगतच्या यूटलीबर्ग या डोंगरावर घेऊन गेल्या.

मुख्य स्थानकातून सुटणारी ‘एस १०’ ही गाडी अर्ध्या तासाच्या आत वर पोहोचते. त्या दिवशी जवळजवळ शेवटपर्यंत खिडकीबाहेर बीच वृक्षांची ओली खोडे आणि पानांवरून ठिबकणारे पाणी एवढेच दिसत होते. मग बाहेरचा करडेपणा आधी पांढरा आणि नंतर पिवळसर झाला, आणि गाडीतून उतरलो तेव्हा कपाळावर हात धरावा लागेल इतके लख्ख ऊन पडले होते. दहा मिनिटे चालून माथ्यावर गेलो, तर खाली ना शहर होते ना सरोवर. पांढऱ्या ढगांचा सपाट समुद्र थेट आल्प्सच्या हिमशिखरांपर्यंत पसरलेला होता. महाबळेश्वरला पावसाळ्यात दऱ्या ढगांनी भरतात, ते तुम्ही पाहिले असेल. पण ते ढग सतत पळत असतात, इथले मात्र विरजलेल्या दह्यासारखे घट्ट बसून राहतात.

म्हणून इथे आल्याबरोबर मेटिओस्विस या राष्ट्रीय हवामान संस्थेचे ॲप घ्या आणि धुक्याच्या दिवसांत तिच्या अंदाजात मीटरमध्ये दिलेली ही वरची सीमा वाचायची सवय लावा. ती ७०० मीटरच्या आसपास असेल, तर सुमारे ८७० मीटर उंचीचा यूटलीबर्ग पुरेसा आहे. ईशान्येकडून ‘बीझ’ नावाचा बोचरा वारा सुटला की हीच सीमा १,५०० मीटरपर्यंतही चढते, आणि अशा दिवशी १,७९८ मीटर उंचीच्या रिगीवर जावे. फिट्झनाउ गावातून रिगीवर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८७१ पासून चालते आणि ती युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे आहे. मात्र झुरिकहून निघणाऱ्याला आर्थ-गोल्डाउच्या बाजूने चढणे सोयीचे पडते. पहिल्याच आठवड्यात तुम्हा दोघांसाठी अर्ध्या तिकिटाचे ‘हाल्बटाक्स’ आणि मुलीसाठी ‘ज्युनियर’ कार्ड काढा, कारण ते असले की पालकांसोबत मुलीचा प्रवास जवळपास सगळीकडे मोफत होतो.

ऑक्टोबरात शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते, आणि त्या सुट्टीत एकच प्रवास करायचा झाला तर मी स्वित्झर्लंडच्या आग्नेयेकडील एंगाडीन या पर्वतीय खोऱ्यात जायला सांगेन. वरच्या एंगाडीन खोऱ्याचा तळच सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्यामुळे झुरिकचे धुके तिथे पोहोचत नाही. तिथली अरण्ये लार्च वृक्षाची आहेत. हा सूचिपर्णी असूनही पाने गाळणारा वृक्ष आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्यास त्याच्या सुया हळदीसारख्या पिवळ्या होतात. मुलीला फांदीवरून हात फिरवायला सांगा. या सुया टोचत नाहीत, मऊ लागतात आणि सहज गळून तळहातावर येतात. पोंट्रेसिना गावातून रोझेग खोऱ्यात जाणारी वाट सुमारे ७ किलोमीटरची आणि सौम्य चढाची आहे. पाय थकले तर त्याच वाटेने घोडागाडीही जाते. झुरिकहून कूर येथे गाडी बदलून साधारण साडेतीन तासांत पोहोचता येते, आणि त्यातला आल्बुलाचा लोहमार्ग २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत तुम्ही पोहोचलात, तर उन्हाळाभर उंच कुरणांवर चरलेली गुरे गावात परततात तो सोहळा चुकवू नका. फ्रीबूर परगण्यातल्या शार्मे गावचा सोहळा प्रसिद्ध आहे. शिंगांवर फुलांचे तुरे आणि गळ्यात परातीएवढ्या घंटा घातलेल्या गाई रस्त्यावरून येऊ लागल्या, की मला दरवर्षी आमच्या गावचा बेंदूर आठवतो. उपाहारगृहांत याच सुमारास शिकारीच्या मांसाचा हंगाम सुरू होतो, तरी शाकाहारी असाल तर ‘हेर्ब्स्टटेलर’ मागवा. त्यात श्पेट्झली (मैदा आणि अंड्याच्या पिठाचे उकडलेले छोटे तुकडे), लाल कोबी, चेस्टनट आणि शिजवलेले पेअर असते. कोबीत डुकराचे मांस घातलेले नाही ना, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

आता वाटांविषयी, कारण इथे चूक महागात पडते. देशात ६५,००० किलोमीटरहून अधिक पायवाटा खुणा करून राखलेल्या आहेत. १९७९ मध्ये लोकांनी मतदान करून त्यांना राज्यघटनेत स्थान दिले. पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, तर चालण्याचा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते, म्हणून मुलीसोबत तो दीडपट धरा. पहिल्या वर्षी पिवळ्या खुणेच्याच वाटा घ्या, कारण पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणेची वाट पर्वतीय असते आणि ऑक्टोबरात तिच्या सावलीतल्या भागावर बर्फ गोठलेला असू शकतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर झुरिकला साधारण सव्वापाचलाच सूर्य मावळतो. परतीची गाडी त्या हिशेबाने ठरवा. नोव्हेंबरात बरेच रज्जुमार्ग दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावेच. विम्याचे सांगायचे तर आठवड्याला किमान ८ तास नोकरी असेल, तर तुमचा अपघाताचा विमा नोकरी देणारी कंपनीच काढते. मुलीचा, आणि पत्नी नोकरी करत नसेल तर तिचाही, मात्र आरोग्यविम्यात जोडून घ्यावा लागतो. मूलभूत आरोग्यविमा डोंगरातून सुटका करण्याचा निम्माच खर्च, तोही वर्षाला कमाल ५,००० फ्रँकपर्यंत, देतो. म्हणून पूरक विमा घ्या आणि हवाई बचाव करणाऱ्या रेगा संस्थेचा १४१४ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

नोव्हेंबरात डोंगरावर जाणे कमी होते, पण तेव्हा मुलीच्या बालवाडीतून बहुधा एक मोठा जांभळा-पांढरा सलगम घेऊन यायचा निरोप येईल. पालक आणि मुले एकत्र बसून चमच्याने तो आतून कोरतात, पातळ झालेल्या सालीवर चंद्र-चांदण्या कापतात आणि आत मेणबत्ती ठेवतात. काही तास बोटांना मुळ्यासारखा उग्र वास येत राहतो. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे मालवले जातात आणि हे ‘रॅबेलिएख्टली’ काठीला टांगून मुले गाणी म्हणत गावातून फिरतात. आमच्या मुलाने पहिल्या वर्षी आपल्या सलगमावर चांदणीऐवजी पणती कापली होती, कारण घरी खिडकीत दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकत होता. मिरवणूक तासभर चालते आणि थंडी कडक असते. मुलीला लोकरी मोजे आणि हातमोजे दोन्ही घाला.