वाचकांचे प्रश्न : मराठी माध्यम आणि एमबीबीएस

प्रश्न : मी ठाण्याची असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. यंदा एमबीबीएसला प्रवेश मिळाला, परंतु शरीररचनाशास्त्राचे एक पान वाचायला तासभर लागतो. मी मागे पडेन का?

उत्तर : सुरुवातीला वेग कमी राहील, हे मान्य करावे. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, मध्य प्रदेशात 2022 मध्ये प्रथम वर्षाची हिंदी पुस्तकेही आली. आपल्याकडे मात्र प्रत्यक्ष शिक्षण इंग्रजीतूनच होते. तरीही आपल्याला अडवणारे बरेचसे शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत, त्यामुळे ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नवेच असतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह आणि ‘हेपॅट’ म्हणजे यकृत एवढे कळले की हिपॅटायटिस पाठ करावा लागत नाही; ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड कळताच नेफ्रायटिसही उलगडतो. अशा घटकांची वही आजच सुरू करावी. आकृती आधी मराठीत स्वतःला समजावून सांगावी आणि मग तेच इंग्रजीत, मोठ्याने बोलावे, कारण तोंडी परीक्षेत लिहिता येणारा विद्यार्थीही अडखळतो (मीही अडखळलो होतो).

पुढे वॉर्डात पारडे फिरते. कळव्याच्या रुग्णालयात येणारी आजी ‘ठणका’, ‘कळ’ आणि ‘मुरडा’ हे शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरते, आणि त्यांतला फरक निदानाला दिशा देतो. तो आपल्याला न विचारता कळेल. वर्गमित्रांना तो समजावून द्यावा आणि बदल्यात त्यांच्याकडून इंग्रजीचा सराव करून घ्यावा.