१४१० पाठवायचे की नाही

अगं, तुझा व्हॉइस मेसेज काल ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता ऐकला, दुसऱ्यांदा आकडे लिहून घेतले. सॅटचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या त्या १६०० मार्कांच्या परीक्षेचे, टोटल १४१०, मॅथ ७७०, रीडिंग अँड रायटिंग ६४०. आणि मग तू जे म्हणालीस ना, की ताई, क्लासचे सर म्हणाले स्कोअर पंधराशेच्या खाली असेल तर कुठेच दाखवायचा नाही, पाठवणं ऑप्शनल आहे तर आपणहून कशाला पायावर धोंडा पाडून घ्यायचा, ते ऐकल्यावर मला राहवलं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय. लिहिलेलं असलं की परत वाचता येतं, आईबाबांना पण दाखवता येतं.

पंधराशेचा तो नियम कुठल्याच कॉलेजने केलेला नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं कर.

आता तुझ्या अकरा कॉलेजांचे ढीग कर. काही ठिकाणी प्रश्नच नाहीये, कारण टेस्ट सक्तीची आहे. कोविडमध्ये २०२० ला परीक्षा केंद्रंच बंद पडली तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी स्कोअरची अट काढली होती, पण एमआयटीने २०२२ मध्येच ती परत आणली, मग २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागोमाग, आणि स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलनेही त्याच वर्षी सांगून टाकलं की २०२६ च्या ॲडमिशनपासून स्कोअर लागणार. येलचं जरा वेगळं आहे, तिथे काहीतरी एक द्यावंच लागतं पण सॅट, तशीच दुसरी परीक्षा एसीटी, किंवा एपी, आयबी या विषयवार परीक्षा, यातलं कुठलंही चालतं. तुझ्या यादीतली कॉर्नेल आणि पर्ड्यू या ढिगात जातात, तिथे १४१० पाठवायचे, विषय संपला. दुसरा ढीग कॅलिफोर्नियाचा. सॅन डिएगो आणि डेव्हिस ही दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, आणि ती सिस्टिम ॲडमिशन देताना स्कोअर बघतच नाही, तू १६०० मिळवलेस तरी बघणार नाही. तिथे उरतं तुझं मार्कशीट आणि त्यांचे ते छोटे छोटे निबंध, तिकडे वेळ दे. (आणि बाबांना तिथली फी नीट दाखव, बाहेरच्या देशातल्या मुलांना तिथे मदत फारच कमी मिळते.)

राहिली सात, जिथे स्कोअर देणं ऑप्शनल आहे. खरा प्रश्न या सातांचाच आहे.

ऑप्शनल हा शब्द कोविडने जन्माला घातलेला नाही, मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९ मध्येच अट काढली होती, शिकागो युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये. कॉलेज जेव्हा म्हणतं की स्कोअर दिला नाही म्हणून तुमचं नुकसान करणार नाही, तेव्हा ते खरंच तसं वागायचा प्रयत्न करतात असं मी मानते. पण स्कोअर नसला की त्यांना बाकीच्या कागदांवरून तुला ओळखावं लागतं, आणि तुझे बाकीचे कागद काय आहेत ते जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघ. बोस्टनच्या किंवा न्यू जर्सीच्या शाळेतून दरवर्षी वीस-तीस मुलं त्याच कॉलेजला अर्ज करतात, त्या शाळेतला ए ग्रेड म्हणजे काय हे वाचणाऱ्याला वर्षानुवर्षं माहीत असतं. तुझ्या ज्युनिअर कॉलेजमधून आजवर कुणी अर्जच केलेला नाही. त्यांच्यासमोर येणार दहावीचे ९५ टक्के आणि अकरावीचे ६९. आपल्याला माहितीये अकरावीत काय होतं ते, कॉलेज हात आखडून मार्क देतं, सगळी पोरं बारावीच्या आणि सीईटीच्या मागे असतात, अकरावीच्या मार्कांकडे घरात कुणी ढुंकून बघत नाही. इथे अमेरिकेत अर्ज वाचणाऱ्या माणसाला हे कसं कळणार? त्याला दिसतं की मुलगी एका वर्षात घसरली. बारावी बोर्डाचा निकाल तर मे महिन्यात, तोवर इथले निर्णय होऊन गेलेले असतात. अशा वेळी ७७० मॅथ हा एकच आकडा असा आहे जो सांगलीच्या मुलीचा आणि सिएटलच्या मुलीचा एकाच फूटपट्टीने मोजलाय. तो तू स्वतःच्या हाताने काढून टाकणार का?

डार्टमथने अट परत आणायच्या आधी त्यांच्याच प्रोफेसरांनी जुने अर्ज तपासले होते. त्यात दिसलं की कमी साधनांच्या घरातल्या, शाळांतल्या काही मुलांनी १४०० च्या आसपासचे स्कोअर पाठवलेच नाहीत, कमी वाटले म्हणून, आणि पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता, कारण कॉलेज तो आकडा त्या मुलाच्या परिस्थितीशी ताडून वाचत होतं. तो अभ्यास मुख्यतः अमेरिकेतल्या मुलांचा होता, तो जसाच्या तसा तुला लागू होतो असं मी म्हणत नाही, पण ती लाज मला चांगली ओळखीची आहे. २०२१ मध्ये माझ्या भाच्याला १३९० होते आणि मीच त्याला म्हटलं होतं की नको पाठवूस. तेव्हा सगळे हेच सांगत होते आणि मी एका कॉलेजचंही पान उघडून बघितलं नाही. त्याला चार ठिकाणी नकार आला, तो त्यामुळेच आला असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण मी न बघता सल्ला दिला हे मला अजून टोचतं. म्हणून तुझ्या वेळी आकडे बघूनच बोलायचं ठरवलंय.

तर आकडे कुठे बघायचे. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची एक मोठी फाइल काढतात, कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून सर्च केलंस की मिळते. त्यात सी ९ नावाचा भाग शोध. प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी किती टक्के मुलांनी सॅट दिली ते तिथे असतं, आणि २५वा आणि ७५वा पर्सेंटाइल असतो, म्हणजे मधली अर्धी मुलं कुठल्या पट्ट्यात आहेत ते. त्याच्या जरा वर सी ७ मध्ये कॉलेज स्वतःच सांगतं की टेस्टला किती महत्त्व देतो, मार्कांना किती, निबंधाला किती. क्लासच्या सरांनी ही फाइल कधी उघडली आहे का, विचार.

पण एक मेख आहे आणि ती नीट समजून घे. टेस्ट ऑप्शनल झाल्यापासून ज्यांचे स्कोअर चांगले तेच पाठवतात, बाकीचे गप्प बसतात, म्हणून छापून येणारा पट्टा वर सरकतो, मग पुढच्या वर्षी तो पट्टा बघून अजून मुलं घाबरतात आणि पाठवत नाहीत, तो अजून वर सरकतो. मुलं बदलली नाहीत, फक्त खालच्या आकड्यांची मुलं मोजणीतून गायब झाली. म्हणून प्रत्येक कॉलेजची २०१९-२० ची जुनी फाइल पण काढ, तेव्हा बहुतेकांना स्कोअर द्यावाच लागत होता, म्हणून तो पट्टा जास्त खरा. समज एखाद्या ठिकाणी आज २५वा पर्सेंटाइल १४३० दिसतोय आणि जुन्या फाइलमध्ये १३३० होता, तर तुझे १४१० तिथे बिनधास्त पाठवायचे. जुना पट्टाच १४५० पासून सुरू होत असेल तर तिथे नाही पाठवायचे, आणि त्याबद्दल निबंधात सफाई पण द्यायची नाही. किती टक्क्यांनी दिली तेही बघ, ऐंशी टक्के मुलं देत असतील तर न देणारी उठून दिसते, पंचवीस टक्केच देत असतील तर तेवढं काही वाटून घ्यायचं नाही.

टोटलच्या मागे लपलेले दोन आकडे वेगळे वाच. सी ९ मध्ये दोन्ही सेक्शनचे पट्टे वेगळे दिलेले असतात. तू स्टॅटिस्टिक्स आणि डेटा सायन्सला अर्ज करतेयस, तिथे ७७० हा खणखणीत आकडा आहे. ६४० कमी वाटतो मला पण, खोटं कशाला बोलू, पण मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलीचे ते ६४० आहेत आणि तुझं माध्यम काय होतं हे अर्जात स्पष्ट दिसलं पाहिजे, ते तू कुठेच लिहिलेलं नाहीयेस! तुझ्या रेकमेंडेशन लेटरमध्ये सरांनी एक ओळ त्यावर लिहावी असं त्यांना सांग. सॅट दिली म्हणून टोफेल किंवा ड्युओलिंगो, म्हणजे इंग्रजी येतं का ते बघणारी परीक्षा, सुटत नाही हां, ते बहुतेक ठिकाणी वेगळं लागतंच.

परत द्यायची का, हा तुझा दुसरा प्रश्न. माझं मत, एकदाच अजून दे, ऑक्टोबरची किंवा डिसेंबरची, डिसेंबरचा निकाल जानेवारीच्या डेडलाइनला चालतो की नाही ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघून. मॅथला हात लावू नकोस, फक्त वाचनावर सहा आठवडे काढ. डिजिटल टेस्टमध्ये त्या सेक्शनला ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक छोटा उतारा, आणि सेक्शनचे दोन भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात, पहिलं मॉड्यूल बरं गेलं तरच दुसरं अवघड येतं, तेव्हा तुझी ती सवय, सुरुवातीला घाई करून शेवटी वेळ उरवायची, ती इथे महागात पडते. बऱ्याच कॉलेजांत दोन अटेम्प्टमधले चांगले सेक्शन एकत्र धरतात, त्यामुळे ६४० चे ६८० झाले आणि मॅथ जरा पडलं तरी १४५० धरले जातील. काही मोजकी कॉलेजं मात्र सगळ्या अटेम्प्टचे स्कोअर मागतात, ते आधी वाचून घे. पण तिसऱ्यांदा द्यायची नाही. परत पुण्याला आत्याकडे मुक्काम, बाबांची रजा, फीचे पैसे, आणि तुझे निबंध अजून अर्धवट पडलेत, ते मला जास्त काळजीचं वाटतं.

पैशाचं पण एक आहे. काही ठिकाणी ॲडमिशनला स्कोअर ऑप्शनल असतो पण मेरिट स्कॉलरशिपला मागतात, हे स्कॉलरशिपच्या वेगळ्या पानावर लिहिलेलं असतं आणि मुलांच्या नजरेतून सुटतं. तुला स्कॉलरशिपशिवाय जाता येणार नाहीये, म्हणून सातही कॉलेजांचं ते पान उघडायचंच. आणि रिपोर्ट पाठवायला लगेच पैसे भरत बसू नकोस, बरीच कॉलेजं अर्जात तूच आकडा टाकलेला धरतात, अधिकृत रिपोर्ट ॲडमिशन पक्की झाल्यावर मागतात.

आता काम सांगते. एक्सेल शीट कर, सात ओळी. कॉलेजचं नाव, आजचा पट्टा, २०१९-२० चा पट्टा, किती टक्क्यांनी दिली, मॅथचा वेगळा पट्टा, स्कॉलरशिपला लागतो की नाही. पॉलिसी दरवर्षी बदलते, तेव्हा कुणाच्या जुन्या पोस्टवरून भरू नकोस, कॉलेजच्या स्वतःच्या पानावर तुझं प्रवेशाचं वर्ष लिहिलेलं असेल तेच धर. शेवटचा रकाना पाठवायचे की नाही, तो आधी तू भर, मी नंतर बघते. माझा अंदाज सातपैकी पाच ठिकाणी पाठवशील, पण तुझं वेगळं निघालं तर मला कारण सांग, मी ऐकेन.

आणि अकरावीच्या मार्कांबद्दल प्रिन्सिपल सरांशी बोल, वर्गात पहिल्या आलेल्याला किती टक्के होते आणि तू कितवी होतीस एवढं त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं तर फार काम होईल. दिवाळीच्या सुट्टीच्या आत सही घे, नंतर ऑफिसमध्ये कुणी भेटत नाही. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन कर, माझी सकाळ असते, निवांत बोलता येईल, आईला पण बसव बरोबर.

— ताई