दहा चौकोन आणि एक नोंदवही

प्रिय तरुण संशोधकास,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा मन लावून वाचला. लोकांनी मोबाइलवर खेळायचा एक गेम, त्यातून सर्जनशीलतेचा अभ्यास, आणि जमलंच तर एखादा वैज्ञानिक प्रश्नही सोडवून घ्यायचा. यातलं ‘जमलंच तर’ आधी काढून टाक. खेळाडूंच्या कल्पकतेचा उपयोग करून घेणं हे एक काम आणि ती कल्पकता मोजणं हे दुसरं. पहिल्यात चांगलं उत्तर हाती आलं की झालं. दुसऱ्यात उत्तर दुय्यम, तिथवरची वाट महत्त्वाची. तुझा ओढा दुसऱ्याकडे दिसतो, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितो आहोत.

तरी पहिल्या प्रकारातला ‘फोल्डइट’ बारकाईने पाहा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ मध्ये आलेला हा प्रथिनांच्या घड्यांचा गेम. त्याच्या खेळाडूंनी २०११ मध्ये एका माकड-विषाणूच्या विकराची अनेक वर्षं अडलेली रचना तीन आठवड्यांत उलगडली, ही गोष्ट सगळे सांगतात. तुझ्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. खेळाडूंना कोऱ्या पाटीवरून नवी प्रथिनं रचायला दिली, तेव्हा सुरुवातीला सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या रचना लांबट, मध्ये घट्ट गाभा नसलेल्या निघाल्या. प्रत्यक्षात त्या टिकल्या नसत्या. खेळाडूंचं काही चुकलं नव्हतं. गुण ज्याला मिळत होते, तेच त्यांनी केलं. मग संशोधकांनी गाभ्यासाठी आणि वळणांसाठी नियम घातले, पुन्हा रचना तपासल्या, पुन्हा नियम सुधारले. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा प्रयोगशाळेत तपासलेल्या १४६ रचनांपैकी ५६ स्थिर ठरल्या आणि त्यातली एक घडी निसर्गात कधी आढळलेली नव्हती.

गुणपद्धतीतली फट खेळाडू हटकून शोधतात. ते घडावं अशीच तयारी ठेव. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सर्वांत वरचे वीस निकाल डोळ्यांनी पाहा, नुसता तक्ता पाहू नकोस.

आता तुझा दहा चौकोनांचा खेळ. कल्पना चांगली आहे. युवाल हार्ट आणि उरी अलोन या संशोधकांच्या गटाने याच धर्तीच्या खेळातून सर्जनशील शोधाचा अभ्यास केला आहे. पडद्यावर दहा सारखे चौकोन एका ओळीत. एका वेळी एकच हलवायचा, आणि हलवल्यावर दहाही कडेने जोडलेले राहायला हवेत. आवडलेला आकार संग्रहात ठेवायचा. असे आकार एकूण ३६,४४६ होतात. फिरवलेले आणि आरशातले एकच धरले, तर ४,६५५. कोणता आकडा धरायचा हे पहिला खेळाडू येण्याआधी ठरव. डेटा आल्यावर ठरवलं, तर नकळत आपल्या सोयीचं ठरवलं जातं. आमचं मत विचारशील तर नोंद ३६,४४६ च्या हिशेबाने ठेव. फिरवलेले आकार नंतर एकत्र करता येतात, हरवलेला फरक परत मिळत नाही.

सगळा अभ्यास उभा राहतो तो नोंदींवर. प्रत्येक चालीची एक ओळ हवी: खेळाडूचा सांकेतिक क्रमांक, चालीचा क्रमांक, वेळ मिलिसेकंदांत, चौकोन कुठून कुठे गेला, चालीनंतरचा पूर्ण आकार, आणि तो संग्रहात ठेवला की नाही. आकार साठवताना तो कोपऱ्याशी सरकवून, चौकोनांचे निर्देशांक क्रमाने लाव, म्हणजे एका आकाराची एकच ओळख राहील. वेळ फोनवरच नोंदव, सर्व्हरवर नको. रेंज गेली की पंधरा चाली एकदम पोहोचतात आणि सगळ्यांवर एकच वेळ पडते. मग खेळाडू कुठे थबकला हे कायमचं गेलं, आणि तुला तर तेच पाहायचं आहे. माणूस आधी भटकतो, बऱ्याच चालींनंतर एखादा आकार ठेवतो. मग एखादी खाण सापडल्यासारखे जवळजवळचे आकार पटापट ठेवत जातो, ती संपली की पुन्हा भटकतो. ही भटकंती किती लांब, खाण सोडायचा निर्णय कधी, हे दोन चालींच्या वेळांमधल्या अंतरातूनच कळतं.

वेगळेपणा मोजताना दोन खड्डे आहेत. एखादा आकार किती दुर्मिळ, हे एकूण खेळाडूंवर ठरतं. वीसजणांत एकाने केलेला आकार पाच टक्के, दोन हजारांत एकाने केलेला ०.०५ टक्के. म्हणून तुलनेसाठी एक ठरावीक गट, समजा पहिले २०० खेळाडू, गोठवून ठेव आणि पुढच्या सर्वांना त्याच मापाने मोज. दुसरा खड्डा असा की साठ आकार ठेवणाऱ्याकडे दुर्मिळ आकार आपोआप जास्त येतात. बेरीज केली, तर वेगळेपणाच्या नावाखाली तू केवळ संख्या मोजशील. शेवटी प्रत्येकाला स्वतःचे सर्वांत आवडते दोन आकार निवडायला सांग आणि गुण त्यांचेच काढ. संख्या वेगळ्या रकान्यात राहू दे.

खेळ चालू असताना वेगळेपणाचे गुण पडद्यावर दाखवू नकोस. ते दिसले की माणूस आकार शोधायचं सोडून गुण शोधू लागतो. खेळात गंमत हवीच, तर संपल्यावर ‘हा आकार तुमच्याआधी तिघांनी केला होता’ असं सांग. सूचनेचे शब्दही तोलून वापर. ‘जास्तीत जास्त आकार करा’ आणि ‘तुम्हाला वेधक वाटतील ते आकार करा’ या दोन सूचनांनी दोन वेगळे अभ्यास होतात. मध्येच सूचना बदललीस, तर आधीचा डेटा वेगळा ठेवावा लागेल.

आकारांना नावं देणाऱ्या परीक्षकांबद्दल आराखड्यात काहीच नाही. वर आडवी रेघ आणि मधून खाली दांडा: इंग्रजी शाळेतल्या मुलाला ते ‘टी’ अक्षर, मराठी वाचणाऱ्याला शिरोरेघ आणि काना. देवनागरी न येणाऱ्या परीक्षकाला तिथे निम्मे अर्थ दिसणारच नाहीत. किमान तीन परीक्षक घे, एकमेकांशी न बोलता काम करू दे, आणि त्यांचं कितपत जुळतं ते निकालात लिही.

शब्दांची चाचणी जोडायची असेल, तर इंग्रजीवरून उचलू नकोस. २०२१ मध्ये आलेल्या अशा एका चाचणीत एकमेकांपासून शक्य तितकी दूरची दहा नामं लिहायची असतात, त्यातली पहिली सात ग्राह्य नामं घेऊन त्यांच्या २१ जोड्यांच्या अर्थांमधल्या अंतराची सरासरी काढतात. ‘फास्टटेक्स्ट’ या संगणकीय साधनाची मराठी शब्दसदिशं, म्हणजे शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या याद्या, मिळतात, पण मराठीत ‘घर’, ‘घरा’, ‘घरात’ ही त्यांच्या लेखी तीन रूपं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शब्द सापडतच नाही किंवा भलताच सापडतो. आधी शुद्धलेखन एकसारखं कर, मूळ रूपावर आण, आणि शंभरेक जोड्यांचं यंत्राने काढलेलं अंतर माणसांच्या अंदाजाशी पडताळून पाहा. तिथे जुळलं नाही, तर ही चाचणी सोडून दे.

‘माणसाने यंत्राला हरवलं’ असं लिहिण्याचा मोह होईल. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातल्या ‘क्वांटम मूव्ह्ज’ या गेमवर २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये तसाच लेख आला. पुढे एका भौतिकशास्त्रज्ञाने साध्या संगणकीय पद्धतीनेही खेळाडूंपेक्षा चांगली उत्तरं मिळतात हे दाखवलं. लेखकांनी तपासलं, आपल्याच गणनेत चूक सापडली, आणि २०२० मध्ये लेख मागे घेतला. मागे घेतला हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं. तुला त्यातून घ्यायचं ते असं: कमीत कमी दोन आज्ञावली माणसांशेजारी चालव. एक निव्वळ यादृच्छिक चाली करणारी, दुसरी दर चालीला न पाहिलेला आकार शोधणारी. कोड दुसऱ्याकडून तपासून घे आणि मगच तुलना लिही.

सुरुवात पंधरा-वीसजणांपासून कर, शेजारी बसून. बोट जाड असलं की छोट्या पडद्यावर भलताच चौकोन हलतो आणि नोंदीत ती ‘कल्पक’ चाल म्हणून उमटते. चाल मागे घ्यायचं बटण दे आणि त्याचीही नोंद ठेव. फोन आणि माउस यांचा डेटा मिसळू नकोस. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, त्यामुळे शाळेत गेम नेण्याचा बेत दुसऱ्या टप्प्यावर ढकल.

आणि खेळाडूंचं श्रेय आताच ठरव. फोल्डइटच्या २०११ च्या लेखात खेळाडूंचे गट लेखक म्हणून छापले आहेत. संमतीपत्रात एक ओळ घाल: निकालात नाव हवं का, हवं असल्यास कोणतं. प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो नंतर विचारायचा म्हटलं तर खेळाडूंचे निम्मे संपर्क-पत्ते बंद झालेले असतात.

नोंदींचा नमुना तयार झाला की पहिल्या दोन खेळाडूंच्या ओळी, जशा आहेत तशा, पाठव.