चार पत्ते आणि एक लबाड

प्रश्न: हिशेबात, तर्कात मी अगदी ढ. पण चार माणसांत बसले की कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण काय लपवतंय, हे न सांगता कळतं. माणसाची बुद्धी मुळात अशा उचापतींसाठीच वाढली, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? – एक वाचक

उत्तर: उचापती कशाला म्हणता! मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी १९७६ मध्ये जवळपास हेच मांडलं: वानरकुळाची अक्कल पोट भरण्यापेक्षा टोळीतल्यांशी निभावण्यात जास्त लागते. फळ उलट डाव टाकत नाही, सोबती टाकतो.

तर्कात ढ? बघू. समोर चार पत्ते: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्याच हवी. नियम मोडलाय का, हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या या कोड्यात बरेच जण ‘अ आणि ४’ म्हणतात. पण ४च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. उलटायचे ते अ आणि ७.

आता दुसरा नियम: बिअर पिणारा १९ वर्षांच्या वरचा हवा. पत्त्यांच्या एका बाजूला पेय, दुसऱ्या बाजूला पिणाऱ्याचं वय: बिअर, कोला, २२, १६. बिअर आणि १६, हो ना? १९८२च्या प्रयोगात सुमारे तीन चतुर्थांश जणांनी हे बरोबर सांगितलं. तर्क तोच, फक्त इथे कोणीतरी लबाडी करत असू शकतं. मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस म्हणतात, मेंदूत लबाड पकडण्याची खास यंत्रणाच आहे. मला हा दावा जरा ताणलेला वाटतो.

व्याख्यानात १५०चा आकडाही आला असेल: माणसाला साधारण इतक्याच जणांशी नाती टिकवता येतात म्हणे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी वानरकुळातल्या टोळ्यांचा आकार आणि मेंदूच्या बाह्यपटलाचं प्रमाण यांची सांगड घालून तो काढला. तो फार मनावर घेऊ नका. २०१७ मध्ये १४०हून जास्त प्रजाती तपासल्या, तेव्हा मेंदूच्या आकाराशी टोळीपेक्षा आहाराचा संबंध जास्त दिसला. साहजिकच आहे. वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही २० टक्के ऊर्जा खातो. ती कुठून तरी यायलाच हवी.

मला पटतो तो २००७चा अभ्यास. अडीच वर्षांची मुलं, चिंपांझी आणि ओरांगउटान यांना सारखीच कामं दिली. जागा, संख्या, कार्यकारण यांत मुलं चिंपांझींच्या फारशी पुढे नव्हती. मग नळीतली वस्तू कशी काढायची, ते एकदा करून दाखवलं. मुलांनी बघून तसंच केलं. वानरांनी नळी फोडायचा किंवा आतलं दातांनी ओढायचा प्रयत्न केला.