ट्रकचा कमाल टॉर्क १००० ते १४०० आरपीएमलाच मिळतो, तरी चढावर इंजिन १८०० पर्यंत का फिरवतात? गिअर नेमका किती आरपीएमला बदलावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीच्या माहितीपत्रकात कमाल टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १००० ते १४०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) लिहिलाय, पण शेजारी बसणारे जुने ड्रायव्हर चढ लागला की आरपीएमचा काटा १८०० पर्यंत न्यायला सांगतात. मग चूक कोणाची? आणि गिअर बदलायचा एक ठरावीक आकडा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. असा एक आकडा नाही. पहिल्याचं उत्तर मात्र जरा सावकाश द्यावं लागेल. मी अवजड गाड्या चालवतो आणि नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवतोही. टॉर्क आणि ताकद (ठरावीक वेळात इंजिन किती काम करतं ते) यांचा घोळ जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात असतो, कारण कागदावर टॉर्कचा आकडा मोठा दिसतो आणि त्याची रेघ सपाट.

उदाहरणासाठी १३ लिटरचं, सहा सिलिंडरचं, आजकाल सर्रास दिसतं तसं इंजिन घेऊ. टॉर्क २५०० न्यूटन-मीटर, १००० पासून १४०० पर्यंत सपाट. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ९५४९ ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. १००० ला येतात २६२ किलोवॅट, १२०० ला ३१४ आणि १४०० ला ३६६, म्हणजे जवळपास ५०० अश्वशक्ती. टॉर्क तिन्ही ठिकाणी एकच, पण ताकद १००० पेक्षा १४०० ला ४० टक्क्यांनी जास्त. १४०० च्या पुढे टॉर्क उतरायला लागतो, पण आरपीएम वाढत असल्यामुळे ताकद ३६६ च्या आसपासच राहते, साधारण १८०० पर्यंत.

आता ४० टनांची गाडी ६ टक्क्यांच्या चढावर घाला. नुसतं वजनच तिला मागे ओढतं सुमारे २३,५०० न्यूटनने, आणि टायरचा विरोध वर दोनेक हजार. ताशी ५० किलोमीटरने वर जायचं तर साडेतीनशेच्या वर किलोवॅट लागतात, म्हणजे इंजिनात आहे तेवढं सगळं. तेच इंजिन तुम्ही १००० वर धरून ठेवलंत, तर २६२ किलोवॅटमध्ये गाडी ३७ च्या पुढे जाणार नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटून देणारा भाग) वाया जाणारी ताकद मी इथे धरलेलीच नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही वेग थोडे कमी येतील, पण फरक तेवढाच राहील. सपाट रस्त्यावर हीच गाडी ८५ ने चालवायला शंभरेक किलोवॅट पुरतात. म्हणून सपाटीला वरचा गिअर आणि १०००-१२०० वर काटा हे उत्तम, डिझेलही वाचतं. चढाचा हिशोब वेगळा, तिथे टॉर्कची कमाल नाही, ताकद किती मिळते ते बघायचं.

चाकाला इंजिनचा टॉर्क थेट पोचत नाही हेही लक्षात असू द्या. मधला गिअर त्याला गुणतो. १६ गिअरच्या बॉक्समध्ये अर्ध्या गिअरचा, म्हणजे स्प्लिटरचा फरक साधारण १.२ पट असतो. १२०० वर पूर्ण रेस देऊन चढताय आणि अर्धा गिअर खाली घेतलात, तर वेग तोच धरला तरी काटा १४४० ला जातो. इंजिनचा टॉर्क २५०० वरून २४३० च्या आसपास उतरतो, पण चाकाकडे जाताना त्याला १.२ ने गुणलं जातं आणि ओढ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. टॉर्क कमी झाला आणि गाडी जास्त ओढायला लागली. यात काही जादू नाही, गुणाकार आहे.

हाच प्रयोग १४०० वर करा. काटा जाईल १६८० ला, टॉर्क उतरेल २०८० वर, त्याला १.२ ने गुणलं की परत २५००. मिळालं काय? आवाज, आणि डिझेलचा खर्च. जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला इथे अडतो. त्यांचा हात ज्या इंजिनांवर बसला त्यांची कमाल ताकद २००० च्या वर कुठेतरी असायची, त्यामुळे चढावर इंजिन बोंबलत ठेवणं त्या इंजिनांसाठी बरोबरच होतं. तुमच्या इंजिनाला १४०० वर सगळं मिळतं. त्यामुळे चढावर काटा १८०० वरून खाली येताना दिसला की लगेच गिअर पाडू नका. १४०० पर्यंत येऊ द्या, त्याच्याही खाली १२००-११०० पर्यंत इंजिन स्वतःच झुंजतं, आणि मग खालचा गिअर घ्या. तुमच्या इंजिनाचा आलेख मिळाला तर टॉर्कच्या शेजारची ताकदीची रेघ कुठे सपाट होते तेवढं बघून ठेवा. मला विचाराल तर टॉर्कच्या रेघेपेक्षा ती जास्त उपयोगाची.

आता ‘किती आरपीएमला बदलू’ हा प्रश्न. मी मुलांना तो उलटा विचारायला लावतो: बदलल्यावर काटा कुठे येऊन बसेल? १५०० वर अर्धा गिअर वर टाकला तर १२५०. पूर्ण गिअर टाकला तर फरक १.४४ पट, म्हणजे १०४०. सपाटीवर दोन्ही चालतील. चढावर मात्र मधला दीड-दोन सेकंदांचा वेळ फुकट जात नसतो. क्लच दाबला की ४० टनांच्या गाडीला ओढणारं कोणी नाही आणि मागे खेचणारा चढ तसाच आहे. ६ टक्क्यांवर दीड सेकंदात ताशी साडेतीन किलोमीटर जातात. ८० च्या वेगात ते कळतही नाही. ३० च्या वेगात मात्र तो जवळपास १२ टक्के वेग झाला. म्हणजे तुमचा १०४० चा अंदाज प्रत्यक्षात उतरतो ९२० वर. तिथून इंजिन उचलणार नाही, तुम्ही घाईने परत खालचा गिअर शोधणार, त्यात आणखी साडेतीन किलोमीटर जाणार. पाठीमागची रांग वैतागते ती अशा वेळी. चढावर वरचा गिअर टाकायचा असेल तर तो घेतल्यावरही काटा वर चढत राहील याची खात्री असेल तरच टाका, नाहीतर आहे त्या गिअरमध्ये १६००-१७०० वर शांतपणे जाऊ द्या.

गिअर खाली उतरवतानाही हेच गणित, फक्त उलटं. त्याच चढावर, त्याच ३० च्या वेगात, ११०० वरून अर्धा गिअर पाडलात तर कागदावर १३२० येतात. बदलताना गेलेला वेग धरला की हातात राहतात ११७०. एवढी खटपट करून ७० आरपीएम! थोड्या वेळाने पुन्हा तेच करावं लागणार. पूर्ण गिअर पाडला असता तर १५८० चे झाले असते १४००, अगदी हवे तिथे. म्हणून तीव्र चढावर, वेग कमी असताना, पूर्ण गिअर पाडावा, आणि अर्धे गिअर लांबच्या सौम्य चढांसाठी आणि हायवेच्या वेगासाठी ठेवावेत. स्प्लिटरचं बटण बोटाखाली असतं म्हणून ते सारखं दाबायची सवय लागते. ती मोडायला वेळ लागतो.

सिंक्रोमेश (गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेला गिअरबॉक्स असेल आणि डबल क्लच (एका गिअर बदलाला क्लच दोनदा दाबणं) करावा लागत असेल, तर हे १.२ आणि १.४४ चे आकडे आणखी कामाचे. काटा कुठे आणून गिअर टाकायचा ते आधीच माहीत असतं, दातांची किरकिर ऐकायची वेळ येत नाही.

गाडी उभी असताना सुरुवात कुठल्या गिअरने करायची, तर रेस न देता, फक्त क्लच सोडून गाडी हलेल अशा गिअरने. भरलेली असेल तर पहिला, रिकामी असेल तर दुसरा-तिसराही चालतो आणि पुढे गिअर सोडून सोडूनही टाकता येतात. खालच्या गिअरमध्ये काटा १२००-१३०० च्या वर नेण्यात काही अर्थ नसतो, वरच्या गिअरकडे जाल तसा थोडा थोडा वाढवा. वरच्या गिअरने, रेस देत, क्लच अर्धवट धरून भरलेली गाडी हलवणारे क्लचप्लेट जाळतात, इंजिनाचा त्यात काही दोष नसतो.

काटा फार खाली जाऊ देण्याबद्दल एक गैरसमज आहे. ९०० वर इंजिन चालणं वाईट नाही. ९०० वर पाय फरशीला टेकवणं वाईट. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात, म्हणजे ९०० ला सेकंदाला ४५. पूर्ण रेस असेल तर प्रत्येक धक्का मोठा आणि दोन धक्क्यांमधलं अंतरही जास्त. ती थरथर क्लचच्या स्प्रिंगा, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट, डिफरन्शियल अशी सगळीकडे फिरते. टर्बोला (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) पुरेसा धूर मिळत नाही म्हणून हवा कमी पडते आणि काजळी वाढते. केबिनमध्ये आरसे थरथरायला लागले की समजा, पाय उचला किंवा गिअर पाडा.

उताराचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे वरचं सगळं उलटं होतं. इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच विरोधाने गाडी रोखणारा) कमी आरपीएमला जवळपास निकामी असतो, त्याचा जोर १८०० च्या वर, कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. त्याच ६ टक्क्यांवर ५० ने उतरताना वजनामुळे सव्वातीनशे किलोवॅट सतत सुटत असतात, ते सगळे ब्रेक ड्रमवर टाकलेत तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पाडायचा, मधे नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये अडकलेली गाडी दर सेकंदाला जवळपास ताशी दोन किलोमीटरने वेग पकडते, आणि मग कुठलाच गिअर पडत नाही. शिवाय इंजिनाचा गव्हर्नर (आरपीएम मर्यादेत ठेवणारा भाग) फक्त डिझेल तोडू शकतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर तो काही करू शकत नाही, काटा लाल पट्ट्यात जाणं थांबवायचं काम तुमचंच.

गिअरबॉक्स स्वयंचलित असेल तर यातलं बरंचसं कॉम्प्युटर करतो आणि बहुतेकांपेक्षा चांगलं करतो. माझा हात मॅन्युअलवर जातो तो मुख्यतः एकाच ठिकाणी: चढाचा माथा शंभरेक मीटरवर दिसतोय, काटा १०५० वर आलाय आणि कॉम्प्युटर गिअर पाडायच्या तयारीत आहे. नकाशा बघून पुढचा चढ-उतार ओळखणारी यंत्रणा नव्या गाड्यांत असते, त्या गाड्या अशा वेळी स्वतःच गिअर पाडायचं टाळतात. बाकीच्यांना पुढचा माथा दिसत नाही. तिथे गिअर धरून ठेवा, १००० पर्यंत खाली येऊ द्या, माथा ओलांडला की काटा आपोआप वर येतो.