डोंगर छोटाय म्हणून पाणी कमी घेऊ नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. रविवारी सहाजण बाईकवरून धाराशिवजवळच्या येडशीच्या रामलिंग देवळाला जाणार, वाटेत डोंगर चढणार, मग एकदोन गावं बघणार, प्लॅन झकास आहे. पण खाली जे टाकलंयस ना, "आपल्याकडं डोंगर कुठले, टेकड्याच की", त्यावर जरा बोलायचंय.

मान्य, आपली ही बालाघाटची डोंगररांग म्हणजे काय सह्याद्री नव्हे. चढ तासाभरात संपतो. पण आपल्या सोलापूरकडं वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर पठारावर मुरूम, कुठं बोर कुठं बाभळ, तीपण सावली देण्यापेक्षा काटेच जास्त देते, त्यामुळं इथं माणूस चढानं दमत नाही, उन्हानं दमतो. माणशी तीन लिटर पाणी घ्या, वाटेत बाटली घेऊ म्हणणारा एक असतोच ग्रुपमध्ये, त्याचं ऐकायचं नाही. पाचला सोलापूर सोडा, घाट चढून तुळजापुरात चहा घ्या, आणि दहाच्या आत डोंगर उरकलेला पाहिजे.

शॉर्ट्स नको. फोटोत भारी दिसतात, पण आत्ता गवत वाळलंय आणि कुसळं एकदा सॉक्समध्ये घुसली की दोन दिवस काढत बसशील. दगड उगाच उलथवू नका, खाली फुरसं असतं. धाराशिवची लेणी करणार असाल तर (करा, शहरापासून सातआठ किलोमीटरच आहेत) आधी मान वर करून कपारी बघायच्या, आग्यामोहोळ असलं तर गपचूप मागं फिरायचं, सिगरेट बिगरेट, डिओ मारणं असले उद्योग नकोत. रामलिंगला जटायूची जागा, देऊळ वगैरे बघालच, फक्त हातात पिशवी धरू नका. माकडांनी माझी आख्खी शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेलेली आहे, समोर बसून खाल्ली.

आता गावाचं. ते तू "टाइम उरला तर" असं लिहिलंयस, मी उलटं करीन, डोंगर एकच करा आणि गावात निवांत बसा. बाईक वेशीजवळ लावून चालत आत जा, पारावर म्हातारी माणसं असतात त्यांना रामराम घाला, कुठले कोण ते सांगा. मोबाईल खिशात. आणि कधी येळवस गाठता आली तर सोडू नकोस, मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप (छोटी खोप) करून पूजा करतात, आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून भज्जी, उंडे, आंबील वाढतात. तिथं "डाएट चालूय" म्हणालास तर मला तोंड दाखवू नको.

पण पाण्याचं सांगतो, त्यासाठीच खरं एवढं लिहायला बसलो. तुझ्याच वयाचा होतो, आम्ही पाचजण, मार्च महिना, डोंगर उतरून एका वस्तीवर आलो तेव्हा बाटल्या कोरड्या ठणठणीत. एका आजीनं ओसरीवर बसवलं, भरलेली कळशी आणि तांब्या पुढं ठेवला. प्यायलो. मग एकानं तोंड धुतलं, दुसऱ्यानं डोक्यावर ओतून घेतलं, मी टोपी भिजवून अंगणात पिळली, सगळी हसतखिदळत. आजी काही बोलली नाही. आतून दहाबारा वर्षांची नात आली, तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, रिकामी कळशी उचलली आणि निघाली. कुठं चालली विचारलं तर आजी म्हणाली, "हिरीला." विहीर वस्तीखालच्या उताराच्या पायथ्याला, आम्हीच तासापूर्वी तिच्या कडेनं वर आलो होतो, आत वाकून बघून पाणी किती खाली गेलंय त्यावर जोक पण मारला होता.

आम्ही पळत गेलो तिच्या मागं, कळशी मागितली. दिली नाही तिनं.

माझ्याकडं दहा लिटरचा कॅन पडून आहे, शनिवारी सात नंतर घरी असतो, येऊन घेऊन जा. मागच्या सीटला दोरीनं आवळून बांध, झाकण जरा ढिलं आहे.